खुर्चीतले आजोबा

आमच्या शेजारचे नाना दिघे माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी त्याच्या अंगावरची बटणं बघतात. रिटायर झाल्यावर लोक भजनाला लागतात. नाना भिंग घेऊन जुन्या फौजी फोटोंच्या मागे लागले. "बटण बोलतं, भिया. चेहरे का क्या, तो कोणाचाही असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. होळकरांच्या राजवाड्याजवळ एकदा त्यांनी वरातीतल्या बँडवाल्याला थांबवून त्याच्या कोटाचं बटण तपासलं. नवरदेव घोड्यावर ताटकळला, पण नानांना त्याचं काही नाही.

हे सगळं एका फोटोपायी. तो त्यांच्या बैठकीत टांगलेला आहे. खुर्चीत तलवार घेऊन बसलेला झुपकेदार मिशांचा अधिकारी आणि मागे खुर्चीवर हात टेकून उभा असलेला एक किडकिडीत शिपाई. खुर्चीतले ते नानांचे आजोबा, होळकरांच्या फौजेतले रिसालदार, असं घरात ठरूनच गेलेलं. नानांचे वडील रांगत होते तेव्हाच आजोबा गेले, त्यामुळे विचारणार कोणाला? नानांना मूलबाळ नाही, काकूही गेल्या. आपल्यामागे हा फोटो कोणाचा ते सांगणारं कोणी नाही, म्हणून आपण आहोत तोवर सगळं पक्कं करून ठेवायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

बऱ्याच खेपा घालून त्यांनी सरकारी दफ्तरातून आजोबांच्या नोकरीच्या कागदाची नक्कल मिळवली. नाव बरोबर, गाव बरोबर. हुद्दा मात्र शिपाई.

"बाबू लोकांची गलती," नाना म्हणाले.

खाली ओळखीची खूण दिली होती: डाव्या हाताची करंगळी अर्धी.

मी फोटो लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. तलवारीच्या मुठीवर खुर्चीतल्या साहेबाचा डावा हात होता, त्याची करंगळी चांगली शाबूत होती. खुर्चीच्या पाठीवर टेकलेल्या शिपायाच्या डाव्या हाताची मात्र अर्धीच.

नानांनी भिंग स्क्रीनला लावून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं पितृपक्षातली खीर साहेबाने खाल्ली, अन् आमचे आजोबा मागे उभेच!"

मला हसू आवरेना. नानाही हसले, पण डोळे पुसत. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "साहेबाला फोटोतून काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको रे. त्याला कशाला घराबाहेर काढतो? त्याचं कोणी उरलं असेल, नसेल. मेरे बाद मेरा भी कौन करेगा, सांग."

मी लॅपटॉप मिटला. फार वाईट वाटलं.

सर्वपित्रीला नानांनी मला जेवायला बोलावलं. फोटोपुढे दोन पाट, दोन पानं मांडली होती. साहेबाचं पान त्यांनी रीतसर वाढलं. मग दुसऱ्या पानावर खीर वाढली, तो पाट जरा पुढे सरकवला आणि फोटोकडे बघत, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "आजोबा, बसा आता."