पुलावर बदललेलं इंजिन

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आपल्याइतक्या बारीक नजरेचा दुसरा माणूस नाही, असं चंद्रशेखर सबनीसांचं ठाम मत होतं. दुसऱ्या कुणाचं तसं मत नव्हतं, पण त्याने काकांचं काही अडत नव्हतं.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला हा गृहस्थ ह्यूस्टनच्या एका तेलकंपनीतून निवृत्त झाला आणि डीव्हीडी आणून जुने ब्रिटिश सिनेमे बघायला लागला. बघायला कसला, पकडायला! ज्यात आगगाडी नाही तो त्यांच्या लेखी सिनेमाच नव्हे. नायिका बिचारी प्लॅटफॉर्मवर रडत असायची आणि काका रिमोट दाबून तिला तशीच रडती ठेवायचे.

"बघ सुलभा, लंडनहून निघताना इंजिनाच्या धुराड्याला चकचकीत कडा होती. आता पुलावर कुठे गेली? मधल्या मध्ये इंजिन बदललं यांनी. आपल्याला काय मूर्ख समजतात का?"

सुलभाकाकू आधी "हो का?" म्हणायच्या, पुढे नुसतं "हं". या उन्हाळ्यात मात्र दर गुरुवारी दुपारी त्या गाडी काढून बाहेर जायला लागल्या.

काकांना आधी बरंच वाटलं. मग एकदा काकू देवळात जाते म्हणून गेल्या आणि परतल्या त्या हायवेच्या बाजूने. देऊळ तर बरोबर उलट्या दिशेला! पुढच्या गुरुवारी भाजी आणायला गेल्या आणि पिशवीत कोथिंबिरीची काडीसुद्धा नव्हती. वर डोळे लाल. विचारलं तर म्हणाल्या, बाहेर धूळ फार आहे. आदल्याच दिवशी धो धो पाऊस झाला होता. धूळ येणार कुठून?

काकांच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस साहेबांच्या देशातलं इंजिन सोडत नाही, तो बायकोची कोथिंबीर सोडेल होय? लाल डोळे, ठरलेला वार, खोटी कारणं. म्हणजे एक तर डॉक्टर, नाहीतर वकील. डॉक्टर असता तर इन्शुरन्सचं पाकीट घरी आलं असतं. म्हणजे वकीलच!

इतकी वर्षं संसार केला, आणि आता या वयात सुलभा आपल्याला सोडून जाणार? दिवसभर दिवाणखान्यात बसून ते कुणाशी बोलणार होते?

त्यांनी ईडन प्रेरीला लेकीला फोन लावला. नेत्राने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हर." पण सरळ विचारायचं हे काकांच्या पद्धतीत बसत नव्हतं. चूक रंगेहाथ पकडायची असते.

गुरुवारी ते जुन्या गाडीतून काकूंच्या मागे निघाले. काकू थांबल्या त्या मृणालिनीच्या दारात. मृणालिनी म्हणजे नवऱ्याला घटस्फोट देऊन ऐटीत एकटी राहणारी, इथल्या मराठी मंडळातली पहिली बाई. त्यात दारासमोर आणखी गाड्यांची रांग, आणि भर दुपारी घराचे पडदे ओढलेले. म्हणजे सल्ला सामुदायिक होता!

घंटा वाजवली, कुणी येईना. दार लोटलं तर उघडंच. आत अंधारात मंडळातल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या, मध्ये पॉपकॉर्नचं पातेलं, आणि टीव्हीवर तोच सिनेमा, तोच पूल. सगळ्याजणींचे डोळे पाणावलेले.

"तुम्ही इथे काय करताय?" काकूंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मी? तू इथे काय करतेयस?"

"तुमच्याबरोबर अर्धवट राहिलेले सिनेमे पुरे करते. आपल्या घरी ही गाडी पुलाच्या पुढे कधी गेलीच नाही. ती त्याला भेटते की नाही, हे मला एकदा बघू दे."

वकील नव्हता! काकांना इतकं हायसं वाटलं की ते दारातल्या चपलांवरच बसले. काकूंनी त्यांना जवळ ओढून घेतलं आणि बजावलं, "बसा. पण एक शब्द बोललात, तर यापुढे मी तुमच्याबरोबर सिनेमा बघणार नाही. कधीच नाही."

काका बसले. पुलापुढचा सिनेमा त्यांनीही कधी पाहिला नव्हता. गाडी स्टेशनात आली, नायिका धावत सुटली, आणि तिच्यामागे सिग्नल पडला. पडला कसला, त्याचा हात वर गेला! या रेल्वे कंपनीच्या लाइनवर रस्ता मोकळा झाला की हात खाली यायला हवा. वर? इतकी ढळढळीत चूक, आणि सांगायचं कुणालाच नाही! काकांनी रुमाल दातांत धरला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, श्वास कोंडला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

काकूंनी वळून पाहिलं. सिनेमा बघून नवरा रडतो, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांनी हळूच त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, भेटले ना ते शेवटी," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतके हळवे असाल असं वाटलंच नव्हतं मला."

खरं सांगायची काकांची काय बिशाद होती? मृणालिनीने पुढे केलेल्या टिश्यूने त्यांनी नाक पुसलं. असा रसिक पुरुष तिनेही पहिल्यांदाच पाहिला होता म्हणे. तिने त्यांना दर गुरुवारचं आमंत्रण देऊन टाकलं आणि सांगितलं की आगगाडीचे सिनेमे आपल्याकडे अजून कपाटभर आहेत.

काकूंनी हात अजून सोडला नव्हता. काका हो म्हणाले.