मनगटावरचं टपाल

"दाजींना आत्ताच काही सांगू नको, आक्का. आदी पक्कं हुंदे."

हा मजकूर आबासाहेबांच्या डाव्या मनगटावर उमटला तेव्हा ते चष्मा लावून दाढी करत होते. मनगट थरथरलं, घड्याळ उजळलं आणि गालाला साबण असतानाच त्यांनी तो वाचला. वाचून झाल्यावर, आपण वाचलं हे त्यांच्या लक्षात आलं.

मजकूर मैंदर्गीहून आला होता. मैंदर्गीला त्यांची मेहुणी सुकन्या राहायची. आक्का म्हणजे त्यांची बायको गोजरबाई, आणि दाजी म्हणजे ते स्वतः. गोजरबाईंचा फोन त्या वेळी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर होता.

मंडईत आबासाहेबांना एकदा घेरी आली होती, तेव्हापासून पुण्याचा मुलगा दिग्विजय काळजीत होता. रविवारी तो जुळे सोलापुरातल्या घरी आला, तो हे घड्याळ घेऊनच. घड्याळ ठोके मोजतं, झोप मोजतं, असं त्यानं सांगितलं. मात्र त्याला जोडायला स्मार्टफोन लागतो, आणि आबासाहेबांकडे बटणांचा फोन होता. "मग आईच्या फोनला जोडतो," दिग्विजय म्हणाला. "तिचा फोन घरातच असतो. तुमचे ठोके तिला दिसतील, मलाही पुण्यात दिसतील." आबासाहेबांचं काळीज गोजरबाईंच्या फोनमध्ये जाणार हे सगळ्यांना समजलं. गोजरबाईंचा फोन आबासाहेबांच्या मनगटावर येणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या एखाद्याला याचं काही वाटलं नसतं. पण आबासाहेब टपाल खात्यात सॉर्टिंगला होते. पोस्टकार्ड हातात आलं की ते पत्त्याची बाजू वर करून धरत. बरोबरचे लोक हसत. "आबासाहेब, लगीन असंल तर वाचा की, जेवायला जाऊ," म्हणत. आबासाहेब वाचत नसत. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात याच गोष्टीचा उल्लेख केला होता. आपल्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नसेल म्हणून केला असावा, असं त्यांना वाटत आलं होतं. तरी तेवढी एक गोष्ट होती. ती आता साबण लावलेल्या गालानं गेली.

त्यांनी लगेच घड्याळ काढून ठेवलं. थोड्याच वेळात बटणांचा फोन वाजला.

"आबा, घड्याळ काढलंत का? इथं ठोके दिसेनात."

"दाढी करत होतो."

"दाढीला काय होतं? घाला आधी. मी मीटिंगमध्ये आहे, उगीच घाबरवू नका."

त्यांनी घड्याळ घातलं. आता सरळ स्वयंपाकघरात जावं आणि तुझे निरोप माझ्याकडे येतात असं सांगून टाकावं, हा मार्ग होता. ते दारापर्यंत गेलेही. पण "कोणता निरोप आला?" असं तिनं विचारलं तर काय सांगायचं? दाजींना सांगू नको, हाच. म्हणजे वाचल्याचं कबूल करायचं, तेही नेमकं जे वाचायला नको होतं तेच. ते दारातून परत फिरले.

"काय पायजे?" आतून आवाज आला.

"काही नाही."

दुपारी दुसरा निरोप आला. "तिकडं जाऊन ऱ्हायाचं म्हनल्यावर दोन-चार बऱ्या साड्या घे." संध्याकाळी तिसरा. "त्यांना काय हुतंय? दोन दिवस वाईट वाटंल, मग सवय हुईल. इतकी वर्सं केलंस की त्यांचं. आता आपल्यापुरतं बघ."

गोजरबाई मैंदर्गीला काय लिहीत होत्या ते घड्याळावर दिसत नव्हतं. फक्त उत्तरं दिसत होती. आबासाहेबांनी त्यावरून प्रश्न जुळवून पाहिले, आणि जो अर्थ निघाला त्यानं त्यांना जेवण गेलं नाही. बायको घर सोडून चालली होती. विचारायची सोय नव्हती. आणि मनात शोधू लागल्यावर तिनं का जाऊ नये याचं एकही भक्कम कारण त्यांना सापडेना.

निदान पुढचं तरी वाचायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चष्म्याशिवाय त्यांना ते बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून चष्मा पुस्तकाच्या कपाटात ठेवून ते घरात भिंतीला हात लावत वावरू लागले. तरीही मनगट थरथरलं की जीव गोळा व्हायचा. हे थरथरणं तरी बंद करता येईल का म्हणून त्यांनी घड्याळाच्या आत शिरून इकडंतिकडं बोट लावलं. थरथरणं बंद झालं नाही. अक्षर मोठं झालं. आता निरोप चष्म्याशिवाय वाचता येऊ लागला, अगदी हात लांब धरला तरी.

त्यांनी नव्या पेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानात जाऊन घड्याळ दाखवलं.

"हे घड्याळातून न्हाय बंद हुत, काका," दुकानदार म्हणाला. "ज्या फोनला जोडलंय तो आणा. कुनाचा हाय?"

"घरातलाच आहे."

"मंग काकूंचा घिऊन या की. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते दुकानदाराला सांगता येण्यासारखं नव्हतं. गोजरबाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी एकदा फोन हातात घेतला. पडद्यावर नऊ ठिपके आले. ठिपके कसे जोडायचे ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी जोडले असते का, याची खात्री नव्हती. त्यांनी फोन होता तसा, त्याच कोनात, पिठाच्या डब्यावर ठेवला.

गुरुवारी नळाला पाणी आलं. चार दिवसांनी येणारं पाणी म्हणजे घरात धावपळच. गोजरबाईंची पद्धत अशी की फोनवर मोठ्या आवाजात कीर्तन लावायचं आणि पिंप भरायचं. आबासाहेब आपणहून उठले आणि म्हणाले, "तू बस. मी भरतो."

गोजरबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "पाय दुखत्यात म्हनला हुता की."

"आता नाही दुखत."

कीर्तन सुरू होताच घड्याळावर तीन खुणा उगवल्या. मधली दाबली की थांबतं, उजवीकडची दाबली की पुढचं लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. घड्याळावर पाण्याचे शिंतोडे उडत होते आणि शिंतोड्यांनाही माहीत नव्हतं. बुवा आख्यानाच्या ऐन रंगात आले की गप्प व्हायचे. मग मध्येच म्हशीच्या दुधाची जाहिरात सुरू व्हायची, ती थांबून कुणीतरी बाई मेथीचे मुटके करायला शिकवू लागायची.

"ह्या फोनला काय धाड भरलीय?" गोजरबाई फोनवर चापट मारत म्हणाल्या. "तुमी काय केलं का ह्याला?"

"मी? मी तर हितं हाय." घाबरले की ते आपल्या गावचं, टेंभुर्णीचं बोलत.

बाही खाली ओढून त्यांनी घड्याळ झाकलं. बाही ओली होती. बुवा परत सुरू झाले, आणि या खेपेला आवाज इतका चढला की शेजारच्या गॅलरीत माणसं आली.

त्या दिवसापासून आबासाहेबांनी दुसरा मार्ग धरला. वाचायचं नाही हे जमत नव्हतं, तर निदान वाचलेल्याचा उपयोग करायचा. "आपल्यापुरतं बघ" असं मेहुणीनं लिहिलं होतं, तेव्हा घरात आता असं काही तरी करायला हवं की जे गोजरबाईंना सोडवणार नाही. त्यांनी सकाळी अंथरुणं काढली. चहा केला, त्यात साखर विसरले, पण केला. जेवताना म्हणाले, "आमटी चांगली झालीय."

गोजरबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "खारट झाली का?"

"नाही. चांगली झालीय म्हटलं."

"मग तसं का म्हनताय?"

 रात्री आबासाहेबांनी तिला विचारलं, "दमलीस का?"  गोजरबाईंनी उठून देवापुढं दिवा लावला, जो संध्याकाळी एकदा लावून झाला होता.

सकाळी मैंदर्गीहून निरोप आला. "आक्का, मला भ्या वाटतंय. आमचं मामंजी जायच्या आदी असंच ग्वाड बोलाय लागलं हुतं. अंथरूनबी काढत हुतं. दाजींना आजच डागदरला दाव."

मोठ्या अक्षरात होतं. आबासाहेबांनी वाचलं. आपण मरणार आहोत ही गोष्ट आपल्या बायकोच्या टपालातून समजावी, हे त्यांना फार लागलं. काळीज धडधडू लागलं. घड्याळानं ते मोजलं आणि आपलं कर्तव्य केलं. पुण्यात दिग्विजयच्या फोनवर लाल खूण आली, त्यानं आईला फोन केला, आणि चहा निवायच्या आत दोघं नवराबायको रिक्षात बसलेली होती. गोजरबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता. घड्याळाचाच हात. फोन त्यांच्या मांडीवर होता, आणि तो उजळला की आबासाहेबांचं मनगट तिच्या मुठीत थरथरे.

"हात लई थरथरतोय हो," गोजरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

खरं सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. आबासाहेबांनी रिक्षावाल्याला जरा हळू चालवायला सांगितलं.

डॉक्टर नंदीश वयानं लहान, पण शांत होता. त्यानं आबासाहेबांना पडद्याआड झोपवलं, छातीला वायरी चिकटवल्या. गोजरबाई बाहेर बाकावर बसल्या. सुकन्यानं आता लिहायचं सोडून बोलून निरोप पाठवला होता. गोजरबाईंना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन सगळ्या दवाखान्याला ऐकू येई.

"आक्का, रडू नको. धीर धर..."

"काका, घड्याळ काढतो हं," डॉक्टर म्हणाला. त्याचा अंगठा काचेवर पडला. बाहेर सुकन्या बोलायची थांबली.

"पुन्ना मेला ह्यो फोन," बाहेरून आवाज आला.

डॉक्टरनं घड्याळाकडं पाहिलं. तीन खुणा होत्या. त्यानं मधली दाबली.

"...आन गोकर्णाच्या बसमदली तुजी सीट मी सोडत न्हाय बग. समुद्र बगायचा म्हनून किती दिसाचं चाललंय आपलं. पाच दिवसांचा तर सवाल हाय. दाजी बरं झालं तर येशीलच. आन न्हाय झालं तर... तर मग बगू."

डॉक्टरनं पुन्हा थांबवलं. पुन्हा सुरू केलं. त्याला गंमत वाटली होती आणि मनात काही वाईट नव्हतं. "काकू," तो पडदा सारून म्हणाला, "तुमचा फोन चांगला आहे. काकांच्या घड्याळावरून बंद होतोय. जोडलेलं असलं की सगळं इथं दिसतं. गाणी, फोन, मेसेज. हे बघा, तुमच्या बहिणीचे सगळे आहेत."

गोजरबाई आत आल्या. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग पलंगाकडं. आबासाहेबांना उठून जाता येण्यासारखं नव्हतं. ते सहा ठिकाणी चिकटवलेले होते.

"कवापास्नं वाचताय?"

"पहिल्या दिवसापास्नं."

"आता जरा वाढलेत ठोके," डॉक्टर म्हणाला. "एरवी काही नाही. काका ठणठणीत आहेत."

परतीच्या रिक्षात गोजरबाईंनी हात धरला नाही. रिक्षा सात रस्ता चौकात सिग्नलला थांबली तेव्हा त्या समोर बघत म्हणाल्या, "सोडून चालले वाटलं व्हय तुमाला?"

आबासाहेबांनी मान डोलावली.

"आन आमटी चांगली म्हनलं की थांबंन, असं वाटलं?"

यालाही त्यांनी मान डोलावली. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि आरसा फिरवला.

"आमच्या आण्णांनी स्थळ बगताना काय सांगितलं हुतं माहीत हाय?" गोजरबाई म्हणाल्या. "पोरगा बोलत न्हाय, पर दुसऱ्याचं कागूद वाचत न्हाय. तेवड्यावर दिली मला."



दुपारभर आबासाहेब बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. घड्याळ त्यांनी काढून टीव्हीवर ठेवलं होतं. दिग्विजयचा फोन आला तो गोजरबाईंनीच घेतला. "बरे हायेत. व्हय. फोनातनं घड्याळ कसं काडायचं ते मी बगते, तू येऊ नको," एवढंच त्या बोलल्या. मग बाहेर आल्या आणि घड्याळ आबासाहेबांच्या पुस्तकावर ठेवलं.

"बांधा."

"नको आता ते."

"बांधा म्हनते की."

त्यांनी बांधलं. गोजरबाई आत गेल्या. आतून शेंगदाणे भाजल्याचा वास येऊ लागला, मग तो थांबला. आत कुणीतरी फोनला हळूहळू, एकेक शब्द सांगत असल्यासारखं पुटपुटत होतं. आबासाहेबांनी लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं, आणि ते त्यांना थोडंफार जमलंही.

थोड्या वेळानं मनगट थरथरलं. त्यांनी हात पाठीमागं नेला. ते पुन्हा थरथरलं. मैंदर्गीहून होतं. डोळे बाजूला करता करता पहिला शब्द दिसलाच, आणि तो 'आक्का' नव्हता.

"दाजी, आक्का इचारती, तिनं गोकर्णाला जावं का न्हाय? मनात आसंल तेच सांगा."

आबासाहेबांनी ते दोनदा वाचलं. या खेपेला त्यांनी मुद्दाम चष्मा लावला होता. मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. गोजरबाई पाठमोऱ्या होत्या, कढई हलवत होत्या. फोन पिठाच्या डब्यावर होता. दोघांच्या मध्ये तीन पावलांचं अंतर होतं.

"जा," आबासाहेब म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "जाऊन ये. मी करीन माझं. साखर घालीन चहात."

गोजरबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "इचारलंय सुकन्यानं. तिला कळवा."