थेट शिकागो

"थेट विमान ना? अगं मावशी, तो माझ्या हातचा मळ आहे!" येंद्रेकने छाती फुगवली. पोलंडमधल्या झाकोपानेजवळच्या त्या गावात घरटी एक माणूस शिकागोला, आणि सगळ्यांची तिकिटं काढून देणारा येंद्रेक एकटाच. गर्व व्हायचाच!

ल्युदविकामावशीला कसली भीती नव्हती, घाई होती. शिकागोतल्या तिच्या मुलाला, स्टाशेकला, मुलगी झाली होती आणि नातीला मांडीवर घेण्याचा पहिला मान तिला विहिणीच्या आधी हवा होता. लग्नात विहीणबाईंनी तिच्या हातच्या बिगोसला, आंबवलेल्या कोबी-मटणाच्या रश्श्याला, 'आंबट पाणी' म्हटलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"ती विहीण गेनोवेफा बसू दे फ्रँकफर्टात पुढच्या विमानासाठी घड्याळ बघत! मी थेट जाणार. तिला कळता कामा नये. घे शपथ!"

येंद्रेकने मावशीच्या हातचं धुरावलेलं चीज चघळत शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई हजर. हातात त्याहून मोठं चीज!

"येंद्रेक, बाळा, मला थेट विमान बघ. ती ल्युदविका येईल व्हिएन्नावरून रखडत. तोवर नात माझ्या कुशीत! पण कुठे बोललास तर तुझी खैर नाही."

"छे हो काकू! माझ्या तोंडाला कुलूप."

आता आली पंचाईत! नातीच्या बाप्तिस्म्याआधी क्राकूफहून थेट विमान एकच, आणि त्यात जागा उरलेल्या दोनच. शेजारशेजारच्या! खरं सांगावं तर शपथ मोडते, नाही म्हणावं तर गावात नाक कापलं जातं. शिवाय दोन्हीकडचं चीज पोटात गेलेलं. येंद्रेकने देवाचं नाव घेऊन दोन्ही तिकिटं काढली. विमान उडालं तसा त्याने फोन बंद करून उशीखाली सारला.

सकाळी भीत भीत चालू केला, तर स्टाशेकच!

"अरे गाढवा, काय करून ठेवलंस! अख्खा अटलांटिक भांडत आल्या. आवाज बसलेत, आता खुणांनी भांडतायत!"

"पण... मुलीला आधी कुणी घेतलं?"

"विमानतळाबाहेरच दोघींनी एकदम झडप घातली. मी आईला आवरलं, बायकोने तिच्या आईला."

"मग मुलगी?"

"टॅक्सीवाल्याकडे दिली. त्याच्या खांद्यावर लगेच झोपली. उठवायची कुणाची छाती आहे? घरापर्यंत दुसरी टॅक्सी करावी लागली, त्याला गाडी चालवता येईना!"

"आणि आता दोघी?"

"आता? चांगलं जमलंय. एका गोष्टीवर दोघींचं अगदी एकमत झालंय."

"कोणत्या?"

"चूक तुझी आहे!"