तीन मृत आठवडे

मुख्य कार्यालयाचे पत्र अडीच ओळींचे होते. ज्या आठवड्यात पन्नासपेक्षा कमी पुस्तके वाचकांच्या घरी जातात तो मृत समजावा, आणि गेल्या वर्षात असे तीन आढळल्यास वाचनालयाची ती शाखा बंद. उरलेल्या अर्ध्या ओळीत नववर्षाच्या शुभेच्छा होत्या.

नाक्यावरच्या शाखेच्या ग्रंथपालबाई घाबरल्या नाहीत. दर आठवड्याला साठेक पुस्तके हमखास जात. वर्षात एकच आठवडा वाया गेला होता. रंगारी रविवारी आले ते शनिवारी हलले, तेवढे सात दिवस कुलूप होते. अडचण एवढीच, की संगणकात रोजच्या नोंदी होत्या, आठवड्याच्या बेरजा नव्हत्या. म्हणून त्यांनी दिराला बोलावले. दीर संगणकातला जाणकार होता. म्हणजे घरात प्रिंटर अडला की त्याच्यावर पहिली थाप तोच मारत असे.

त्याने आठवड्यांना नंबर दिले, बेरजा काढल्या आणि बाई चहा घेऊन येईपर्यंत अहवाल पाठवूनही टाकला. बाईंनी पडद्यावर पाहिले तर मृत आठवडे तीन.

"भाऊजी, हा पहिला आठवडा चारच दिवसांचा कसा?"

"वहिनी, वर्ष बुधवारी सुरू झालं, आठवडा शनिवारी संपला. त्याला तो तरी काय करणार?"

शेवटचाही तसाच. रविवारी जन्मला आणि बुधवारी वर्षाबरोबर गेला. दोघांच्या नावावर पस्तीस-पस्तीस पुस्तके. तिसरा रंगाऱ्यांचा.

दीर डगमगला नाही. आठवडा बुधवारपासून धरू म्हणाला. पहिला आठवडा खडखडीत बरा झाला. पण शेवटच्याच्या वाट्याला एकच दिवस उरला, आणि रंगाऱ्यांचे सात दिवस मधोमध चिरले जाऊन दोन आठवड्यांच्या अंगावर पडले. दोन्ही गेले. पुन्हा तीनच. तेवढ्यात कार्यालयाचे उत्तर आले: शुक्रवारी निरीक्षक कुलूप घेऊन येतील.

बाईंनी कपाटातून संगणक येण्याआधीची जुनी वही काढली. दर आठवड्याला एक पान, आणि पानाच्या डोक्यावर त्या रविवारची तारीख.

"मी आठवड्याला कधी नंबर दिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि वर्ष संपलं म्हणून पान कधी अर्ध्यात फाडलं नाही."

दिराने वही पुढे ओढून तारखांवरून बोट फिरवले. मग त्याने प्रत्येक नोंदीला तिच्या आठवड्याच्या रविवारची तारीख लावली आणि त्या तारखेवर बेरजा घेतल्या. जानेवारीचे पोरके चार दिवस आदल्या डिसेंबरच्या तिघांना जाऊन बिलगले. एकसष्ट पुस्तके झाली. वर्षाअखेरच्या चौघांना नव्या वर्षाने आपले तीन दिवस दिले. मृत एकच उरला, रंगाने माखलेला.

शुक्रवारी निरीक्षक आले. त्यांनी नवा अहवाल उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग पाणी मागितले. नंबरांचा हिशेब त्यांच्या कार्यालयानेही सगळ्या शाखांना लावला होता, असे त्यांनी हळूच सांगितले. पंचवीस शाखा बंद निघाल्या होत्या. सव्विसावे खुद्द मुख्य वाचनालय. तिथे छत गळून एक आठवडा गेला होता, आणखी दोन आठवडे वर्षाच्या टोकांनी खाल्ले होते. निरीक्षकांचे टेबल तिथेच होते. त्यांच्या पिशवीत दुसरे कुलूपही होते.

"ताई," ते म्हणाले, "ही रविवारची तारीख लावायची कशी, मला शिकवाल?"

"शिकवते की. आधी एक पुस्तक घरी न्या. या आठवड्याची एकोणपन्नास झालीत."

निरीक्षकांनी दोन नेली.