आप्पासाहेब दिवाळीपासून मेलेत

माझ्यासारखं डोकं अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरं नाही. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. पण खरं ते खरं!

रोज संध्याकाळी साडेआठला 'आतल्या खोलीत कोण?' ही मालिका लागते. चारशे भाग झाले, तरी आतल्या खोलीत कोण आहे ते कुणालाच कळलेलं नाही. मला कळलं होतं! भिसेगावात, आमच्या वन रूम किचनमध्ये, सोफ्यावर बसल्या बसल्या मी सगळी गुपितं फोडली होती!

ज्यांनी मालिका बघितली नाही (साडेआठला ही माणसं करतात तरी काय?) त्यांच्यासाठी सांगतो. सरंजामे नावाचं बडं घराणं. त्यांच्या बंगल्यात एक खोली कायम कुलूपबंद. भिंतीवरच्या घड्याळात कायम चार वाजून दहा मिनिटं. आणि आरामखुर्चीत बसलेले मोठे आप्पासाहेब. हे बोलत नाहीत, हलत नाहीत, आणि नीट ऐका, पापणीसुद्धा लववत नाहीत! काठी मात्र एका भागात डाव्या हातात, दुसऱ्या भागात उजव्या!

सहा महिने मी टीव्हीचे फोटो काढले, शंभर पानी वही भरली. आणि एका गुरुवारी सकाळी दात घासता घासता सगळं खटाखट जुळलं!

"संध्या! आप्पासाहेब मेलेत!"

"कुणाचे?" बायको पोळी लाटतच म्हणाली.

"सरंजाम्यांचे! दिवाळीच्या भागातच मेले! सुनांना इस्टेटीवर सही पाहिजे, म्हणून मेलेला माणूस रोज खुर्चीत आणून बसवतात! काठी या हातातून त्या हातात कोण देतं? सुना! घड्याळ चार-दहावर का? तेव्हा प्राण गेला! आणि कुलूपबंद खोलीत काय? बर्फ!"

"बर्फ कशाला?"

"एवढ्या उन्हाळ्यात मढं टिकायला नको?"

संध्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तोंडातला फेस पुसा आधी. डबा भरलाय, बस सुटेल."

मोठ्या शोधांचं घरात असंच स्वागत होतं.

कंपनीच्या बसमध्ये बसल्याबरोबर मी फोनमधला आप्पासाहेबांचा फोटो उघडला. टीव्हीची चौकट, बाजूची सून, कोपऱ्यातलं चॅनेलचं चिन्ह, सगळं छाटून नुसता चेहरा ठेवला. खाली लिहिलं, 'हा म्हातारा दिवाळीपासून मेलेला आहे. घरच्यांनी लपवून ठेवलंय. रोज उचलून खुर्चीत बसवतात. माझ्याकडे पुरावे आहेत. जगदीश.' आणि आमच्या मालिकेच्या अभ्यासू ग्रुपवर टाकून दिलं.

कुंभिवलीला उतरलो. आमच्या कंपनीत कामगाराचा फोन गेटवरच्या पत्र्याच्या कपाटात राहतो, चार वाजेपर्यंत मिळत नाही. मी आत स्टोअरमध्ये खोकी रचत होतो. मनात म्हणत होतो, आता बाहेर नुसती खळबळ उडाली असणार!

उडाली होती.

चारला फोन हातात घेतला, तर त्र्याऐंशी मिस्ड कॉल! ते बघतोय तोवर चौऱ्याऐंशीवा आला. आमच्या ताईचा.

"जग्या! काय केलंस रं हे!"

"काय केलं?"

"नवीनच्या आजोबांना मारलंस!"

"मी? अगं, मी सकाळपासून कुंभिवलीत आहे!"

आता हा नवीन कोण, ते सांगतो. ताईची मुलगी सोनाली, माझी एकुलती एक भाची. तिचं कशेळ्याच्या पुढच्या गावात नवीनशी जमलं होतं. मुलगा लाखात एक, सोनालीला आवडलेला, आणि रविवारी साखरपुडा! त्यासाठी दोन्हीकडच्या नातेवाइकांचा ग्रुप केला होता. एकशे अठरा माणसं. माझं डोकं एवढं चालतं, पण बोट कुठे पडतंय हे त्याला कळत नाही. मेसेज गेला होता तो या ग्रुपवर!

"ताई, तो फोटो टीव्हीतला आहे गं!"

"कसला टीव्ही? त्यांची सगळी भावकी म्हणते हा आमचा नामादादा! नवीनचा आजा! आणि तू लिवलंयस दिवाळीपासून मेलाय म्हणून! आता त्यांची माणसं म्हणतात घरात सुतक हाय, सुतकात साखरपुडा कसला? आणि आपली माणसं म्हणतात, मढं लपवणाऱ्या घरात पोरगी द्यायची कशी? सोनाली सकाळपासून जेवली नाय!"

"पण नवीनच्या वडलांनी सांगायचं ना, आजोबा जिवंत आहेत म्हणून!"

"ते पदूभाऊ कुठल्या तोंडानं सांगणार? ग्रुप बघ आधी!"

मी ग्रुप बघितला. सात बावीसला माझा मेसेज. सात तेवीसला पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग रांगच! आपल्याकडे ग्रुपवर म्हाताऱ्याचा एकटाच फोटो दिसला, की बोट आपोआप चालतं. फोटो कुणाचा, खाली लिहिलंय काय, ते सवडीने. आणि बरोब्बर पाचवी श्रद्धांजली पदूभाऊंची! 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो', पुढे तीन वेळा जोडलेले हात. स्वतःच्या बापाला! मुलानेच श्रद्धांजली वाहिल्यावर बाकीचे कशाला थांबतायत? दुपारपर्यंत आजोबांना एकसष्ट वेळा शांती मिळाली होती.

आता तुम्ही विचाराल, होणाऱ्या व्याह्याच्या बापाला मी ओळखलं कसं नाही? अहो, बघायच्या कार्यक्रमाला आजोबा घरात नव्हतेच! "बाबा कामाव गेल्यात," एवढंच पदूभाऊ म्हणाले होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कामाला जातात! मला तर तेव्हा त्यांचा केवढा आदर वाटला होता.

कर्जतला उतरलो, शेअरच्या जीपमध्ये मागे अर्धा लटकत कशेळं गाठलं. पुढे चालत. गावात शिरलो तर नवीनच्या अंगणात ही गर्दी! ओट्यावर बायका गळा काढून बसलेल्या. दोघे जण बांबू घेऊन आलेले. आणि पदूभाऊंचा चुलतभाऊ गजा तर कशेळ्याच्या सलूनमधून डोकं गुळगुळीत करूनच आलेला!

"आरं, पण बाबा जिता हाय!" पदूभाऊ मधे उभे राहून ओरडत होते.

"मग श्रद्धांजली कुणाला वाह्यलीस?" ही आजोबांची चुलतबहीण भागूबाई. भावकीत हिचा शब्द शेवटचा.

"आवं, टेंपो लावला व्हता चहाला. फोटू नीट बघितला नाय. सवयीनं बोट गेला!"

"मग कुठं हाय नामादादा? दाव!"

"कामाव गेलाय."

"अठ्ठ्यात्तर वर्साचा मानूस? काय काम करतो?"

"बसतो," पदूभाऊ म्हणाले.

"म्हंजी?"

"बंगल्याव नेत्यात. खुर्चीव बसवत्यात. सांजच्याला आनून सोडत्यात."

माझ्या मेसेजमध्ये शब्दन् शब्द हेच लिहिलं होतं! भागूबाईने फोनमधला फोटो सगळ्यांसमोर नाचवला. "आनि ही मिशी बघा! नामादादाला जल्मात मिशी नव्हती. मेल्याव केस वाढत्यात! सा म्हयन्यात बघा केवढी वाढली!"

गर्दीतल्या पाच-सहा जणांनी हात जोडले. मीसुद्धा जोडणार होतो, एवढा तिचा मुद्दा बिनतोड होता.

तेवढ्यात फाटकाशी एक पांढरी जीप थांबली. दार उघडलं. आतून काठी आली, मग फेटा आला, मग ती मिशी आली. आप्पासाहेब सरंजामे! स्वतः! चालत!

बायका किंचाळत मागच्या दाराने पळाल्या. बांबूवाले बांबू टाकून पळाले. मी एकटा पुढे धावलो आणि धाडकन पायावर डोकं ठेवलं. "आप्पासाहेब! मी तुमचा एकही भाग चुकवत नाही!"

"कोन रं ह्यो?" आप्पासाहेबांनी पदूभाऊंना विचारलं, आणि मिशी उपटून खिशात ठेवली.

"सोनालीचा मामा," पदूभाऊ दात खाऊन म्हणाले. "यानंच मारला तुमाला."

मग उलगडा झाला. शूटिंगवाल्यांना न हलणारा म्हातारा पाहिजे होता, आणि आजोबांसारखं न हलणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं! घरच्यांना वाटलं होतं, बंगल्याच्या राखणीचं काम आहे; मिशी आजोबा रोज जीपमध्येच काढून ठेवायचे, आज तेवढी राहिली होती. साडेआठला त्यांची निम्मी झोप झालेली असते, मालिका कोण बघणार? मी तिथेच वही काढली.

"आजोबा, तुमची पापणी का लवत नाही?"

"झोपतो मी. रानात राखनीला व्हतो तवापासून डोलं उघडं ठेवून झोपायची सवय हाय."

"घड्याळ चार-दहावर का?"

"सेल कोन टाकंल?"

"काठी कधी डावीकडे, कधी उजवीकडे?"

"खाज येल त्या अंगाला."

"आणि कुलूपबंद खोलीत?" मी वहीचं शेवटचं पान उघडलं.

"जेवनाची भांडी. आचाऱ्याचा कोनाव इस्वास नाय."

सहा महिने! शंभर पानं! गजा माझ्याकडे एकटक बघत डोक्यावरून हात फिरवत होता.

पण भागूबाई अजून ओट्यावर चढायला तयार नव्हती. तिने लांबूनच निकाल दिला. "आज हितं धा मान्सांनी बघितला. बाकीच्या शंभरांचं काय? रव्वारी नामादादानं साऱ्या भावकीदेखत सोताच्या हातानं सुपारी फोडली, तरच सोयरीक. नायतर आमी येनार नाय!"

भावकी आली नाही तर साखरपुडा कसला! पदूभाऊ लगेच तयार झाले. आजोबा मात्र मान हलवायला लागले. "रव्वारी माजं शूटिंग हाय. सा म्हयन्यात येक खाडा नाय केला. मी नाय गेलो तं त्यांचं समदं आडल."

"बाबा, नातवाची सुपारी हाय!"

"मंग ह्याला पाठवा," आजोबांनी काठी माझ्या छातीला टेकवली. "ह्याला समदी गोष्ट ठाव हाय."

घरी आलो तर संध्या दारातच उभी. "म्हणजे एकुलत्या एका भाचीच्या साखरपुड्याला एकुलता एक मामा नाही?"

"सोनालीसाठीच चाललोय!"

"बरोबर मढ्याच्या जागी माणूस शोधलाय," ती म्हणाली.

पण खरं सांगू? आतून मी खूश होतो! सरंजाम्यांच्या खुर्चीत बसायला मिळणार! रविवारी नवाला बंगल्यावर हजर. तिथे प्रिया नावाची मुलगी कानाला यंत्र लावून सगळ्यांना पळवत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नामाआजोबा नाहीत? बरं, चालेल. आज चेहरा दिसायचाच नाहीये. अंगकाठी तीच आहे."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची अंगकाठी! हे मी गिळलं. मिशी चिकटली, फेटा चढला. मी ऐटीत आरामखुर्चीकडे निघालो.

"तिकडे नाही काका. अंगणात."

अंगणात तिरडी बांधून ठेवलेली होती.

"हे... हे कुणासाठी?"

"आप्पासाहेबांसाठी. आज जातात ना ते!"

"आज? अहो, दिवाळीपासून मेलेत ना!"

"छे हो! कालपर्यंत ठणठणीत होते! आज घोड्यावरून पडतात."

ज्याला सहा महिन्यांत कुणी मान वळवताना बघितलं नाही, तो घोड्यावर! पण मी म्हणणार काय? त्यांनी मला आडवं केलं, बांधलं, तोंडावर पांढरी चादर ओढली. सुना रडायला लागल्या. मनात एकच घोर, आजोबा पाटावर बसले असतील का? की सवयीने तिथेही डोळे उघडे ठेवून झोपले असतील, आणि भागूबाई परत रडायला लागली असेल?

अकरा चाळीसला माझ्या खिशातला फोन थरथरला. मी दोरीतून एक हात सोडवला आणि चादरीखाली फोन हळूच बाहेर काढला. संध्याचा व्हिडिओ कॉल! आवाज बंद केला आणि बघायला लागलो. सोनाली जरीच्या साडीत. नवीन शेजारी. आजोबा पाटावर, डोळे सताड उघडे, जराही हलत नव्हते. भागूबाई त्यांच्या नाकापुढे कापूस धरून बघत होती. मग पदूभाऊंनी हळूच कोपर मारलं. आजोबा खडबडून जागे झाले आणि एका दणक्यात सुपारी फोडली! सोनाली हसली. गुरुवारनंतर पहिल्यांदा!

"कट!" कॅमेरावाला ओरडला. "मढ्याच्या तोंडावर उजेड कसला पडतोय?"

मोठी सून रडता रडता फिस्सकन हसली. प्रियाने चादर वर केली. मी डोळे पुसत होतो.

"काका, तुमच्यासाठी त्यांनी रडायचंय," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

फोन काढून घेतला. पुन्हा रडारड. मग चौघांनी मला उचललं. सीन खरा वाटावा म्हणून अंगण सकाळीच शेणाने सारवलं होतं. ते वाळलं नव्हतं. पुढचा डावा खांदेकरी तिसऱ्या पावलाला घसरला, बाकीचे तिघे त्याच्यावर पडले, आणि मी सगळ्यांच्या खाली गेलो.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर पंचेचाळीस दिवसांचं आहे. लग्न अठ्ठावीस दिवसांवर आहे. नवरीला हाताला धरून मांडवात आणायला ताईने आता बदलापूरचा एक चुलतमामा सांगून ठेवलाय.