बेटावरची वीतभर माती

थावरूकाकांच्या बेटावरून निघताना पाय धुवावे लागतात. येताना कसेही या. पण परतीच्या नावेत बसण्याआधी काका तुम्हाला प्लास्टिकच्या टबात उभं करतात, पायांवर तांब्याभर पाणी ओततात आणि तो चिखल वांग्यांच्या वाफ्यात नेऊन सोडतात. मी इथली कृषी सहायक, तरी माझ्या बुटांचे तळवे त्यांनी काडीने कोरलेत. "ताई, माती नेऊन राह्यल्या तुम्ही," म्हणाले, चोर पकडल्यासारखे.

उमरखेड तालुक्यात धरणाचं पाणी चढलं तेव्हा तांड्याची ही टेकडी चारी बाजूंनी वेढली गेली. बहुतेक लोक काठावर राहायला गेले, पाच घरं वरच राहिली. तिथे मुरमावर वीतभर माती, तीही उताराची. "हे बेट हाये, इथं दुसरी येत नाही," हे काका दिवसातून दहादा ऐकवतात. पेरणी उताराला आडवीच हवी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवत हवंच. धुऱ्यावर बकरी चढली तर बकरीलाही भाषण. खरं सांगते, बैठकीत ते बोलायला उठले की मी घड्याळ बघायचे. ते सांगायचे ते सगळं आमच्याच पुस्तिकेत होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

बाकी चार घरांपैकी तीन घरांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलेलं. चौथं घर पुतण्या प्रकाशचं, तो रोज भांडायचा. यंदा त्याने मधले धुरे मोडले आणि वरून खाली उभी पेरणी केली. "आडव्या पेरणीत लय वेळ जाते," म्हणाला. काकांनी अबोला धरला. म्हणजे प्रकाशला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते बकरीशी बोलायचे.

भादव्यात मी बेटावर असतानाच पावसाने गाठलं. नाव सोडता येईना. प्रकाशच्या पेरणीच्या उभ्या तासांतून गढूळ पाणी खाली धावू लागलं आणि शेवटच्या, उरलेल्या एका धुऱ्याशी तुंबलं. खालची कपाशी बुडायला लागली. प्रकाश फावडं घेऊन धावला. धुरा फोडला तर कपाशी वाचणार होती, पण माती धरणात जाणार होती.

काका जाऊन धुऱ्यावर मांडी घालून बसले.

"उठ काका. पीक मरून राह्यलं माह्यं."

"पीक पुढच्या साली येते."

प्रकाशने फावडं उगारलं. छत्री धरून मी नुसती उभी.

"तुह्या बायकोले चहा ठेवाले सांग," काका म्हणाले. "मी काही हालत नाही."

फावडं चिखलात आपटून प्रकाश घरी गेला. दुपारी पाऊस थांबला. धुरा टिकला, पण वावराच्या वरच्या अंगाला नुसता मुरूम उघडा पडला होता.

"उद्या पंचनामा करा ताई," प्रकाश मला म्हणाला. "परवा आम्ही लोहाऱ्याले चाललो, कंपनीत. आता इथं काय हाये?" काका शेजारीच होते. ते वाकून उघड्या मुरमावर हात फिरवत राहिले.

दुसऱ्या सकाळी मी गेले, तर काका धुऱ्याशी साचलेला गाळ घमेल्यात भरून डोक्यावरून चढावर नेत होते. वावर प्रकाशचं. वय सत्तरीचं, घमेलं काठोकाठ. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

"काका, कायले? तो तर चाललाय."

त्यांनी घमेलं रिकामं केलं, गाळ हाताने पसरला. "वरचा पट्टा झाकला तं राहीन तो," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "बाकीचे बोलत नाहीत माह्यासंग, ताई. हा एकटा भांडते. हा गेला तं मी दिवसभर बोलू कोणाशी?"

तेवढ्यात घराकडून प्रकाश दुसरं घमेलं घेऊन उतरताना दिसला. "अर्धंच भर ना काका, कंबर मोडंन."

काका गर्रकन वळले. "तू शिकवते मले?"

भांडण जुंपलं. पंचनाम्याचे कागद मांडीवर घेऊन मी धुऱ्यावर बसले आणि मला रडू आलं.