मेश्राम सरांच्या अळ्या

आमच्या घाटंजीत डास पाळणारा एकच माणूस होता, आणि तो ते माझ्या गच्चीवर पाळत होता.

मेश्राम सर माझे शेजारी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, एकटेच राहायचे. त्यांच्या गच्चीवर कडुलिंबाची सावली, माझ्या गच्चीवर दिवसभर ऊन. म्हणून त्यांनी माझी गच्ची मागून घेतली. लग्नाला गेले तरी जेवण सोडून मांडवाबाहेर उभे राहायचे आणि हळहळायचे, "किती ऊन वाया जाऊन राह्यलं, भाऊ."

पांढऱ्या रंगात घालतात ती टायटॅनियम डायऑक्साइडची पूड ते काचांवर लेपत, काचा परातीत मांडत आणि वर कापसावर विष फवारायचे पंप धुतलेलं पाणी ओतत. ऊन पडलं की पूड कामाला लागते, पाण्यातल्या विषाचे तुकडे करते आणि स्वतः तशीच राहते. माझ्या बायकोला त्यांनी समजावलं, "वहिनी, लग्न जुळवणारा मामा असते ना, तसा हा मोडणारा मामा. दुसऱ्याचं मोडते, याले काहीच होत नाही." बायको म्हणाली, असा एक मामा आमच्या माहेरी आहेच, त्यालाही काचेवर लेपा.

पाणी साफ झालं की नाही हे तपासायचं यंत्र गावात नव्हतं. म्हणून डासांच्या अळ्या. साफ केलेलं पाणी बरणीत घेऊन त्यात वीस अळ्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी किती जगल्या ते मोजायचं. डास मारायला आलेल्या माणसाला सरांनी एकदा चहा पाजून अळ्यांवर असं व्याख्यान दिलं, की तो आपला फवारा आमच्याच ओट्यावर विसरून गेला.

आता माझं सांगतो. बोंडअळीनं कापूस खाल्ला ती वर्षं. आम्ही दोन-दोन औषधं मिसळून फवारत होतो, आणि मी माझे पंप शेताजवळच्या नाल्यात धूत होतो. खाली बाया कपडे धुवायच्या, शेळ्या पाणी प्यायच्या. मला ते दिसत होतं. सरांनी टोकलं तेव्हा मी हसून विषय बदलला. पुढे पंप धुतलेलं पाणी डब्यात भरून त्यांना देऊ लागलो, तेही बायकोनं बोलून बोलून बेजार केलं तेव्हा.

आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं. पाच रविवार सरांनी वहीत एकच शब्द लिहिला, "मेल्या." सहाव्या रविवारी ते यवतमाळला गेले होते. मी गच्चीवर जाऊन पाहिलं, तर वीसच्या वीस अळ्या बरणीच्या तळाशी. संध्याकाळी परत आल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी बरणी घाण पाण्याच्या बादलीत रिकामी केली आणि आमच्या कूलरमध्ये साचलेलं पाणी भरलं, मोजून वीस जिवंत अळ्यांसकट.

सर आले, बरणीपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. डास जगले म्हणून पेढे खाणारी आमची पहिलीच गल्ली असेल.

सकाळी ते परातीतलं उरलेलं पाणी डब्यात भरून निघाले. म्हणाले, आता नाल्यात सोडायला हरकत नाही, साफ झालं आहे. मी फाटकात आडवा उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. "तुम्ही पाह्यल्या तवा सगळ्याच मेल्या होत्या?"

"सगळ्या."

त्यांनी वही काढली, "जगल्या" खोडून "मेल्या" लिहिलं, पुढे "ढगाळ" लिहिलं. "काहून केलं असं?"

तुमचं तोंड पाहवलं नसतं, म्हणालो.

सर चष्मा पुसत राहिले. "मी या गावात आल्यापासून माह्यासाठी कोणी काही आणलं नव्हतं, भाऊ. तुम्ही अळ्या आणल्या." मग आवाज कडक केला. "पुन्हा असं करू नका. शेळ्या मेल्या असत्या."

आम्ही दोघांनी डबा वर नेऊन पाणी परत परातीत ओतलं. त्या आठवड्यात चांगलं ऊन पडलं. रविवारी सरांनी मोजायला मला बसवलं. अकरा मेल्या, नऊ जिवंत. मी आकडा सांगितला, त्यांनी तो वहीत लिहिला. मी उठू लागलो तेव्हा त्यांनी बरणी पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"अजून एकदा मोजा, भाऊ. घाई काय हाय."